छकुलीचा बाप्तिस्मा

छकुलीने ते सांगितलं तेव्हा तिच्या हातात चहाची किटली होती, आणि सांगताना तिने ओतणं थांबवलं नाही. आपण बाप्तिस्मा घेणार हे तिने मागच्याच आठवड्यात जाहीर केलं होतं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. आज तिने त्याला एवढंच जोडलं, की पाण्यात आपल्याला काकांनी उतरवावं. नव्या पाळकांनी नव्हे, काकांनी.

"कुठल्या काकांनी?" धाकट्याने विचारलं.

प्रश्नाला काही अर्थ नव्हता. तिला काका एकच होता.

धाकटा म्हणजे छकुलीचा बाप. पन्नाशी उलटली, मिशा पांढऱ्या झाल्या, वडलांच्या मागे खालची बेकरी त्याने एकहाती चालवली, चर्चमधल्या मंडळीच्या कमिटीवर त्याचा शब्द चालू लागला, तरी घरीदारी तो धाकटाच राहिला. थोरला होता म्हणून ते नाव पडलं होतं, आणि थोरला नाहीसा झाल्यावर ते बदलायचं कोणाला सुचलं नाही. नाहीसा म्हणजे मेला नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसडेपोत गाड्या धुवायचं काम करत होता. पण या घरात त्याचा विषय निघत नसे, आणि निघालाच तर ताईच्या, म्हणजे मधल्या बहिणीच्या, तोंडून, तेही धाकटा खाली भट्टीपाशी असताना.

काही वर्षांपूर्वी थोरला याच मंडळीचा पाळक होता. उपदेशाला उभा राहिला की लोक खोकलासुद्धा आवरून धरत. तो पितो हे दोन-चार जणांना माहीत होतं, पण कोणी त्याचा बोभाटा केला नाही. मग एकदा मंडळीतल्या मुलांची सहल घेऊन परत येताना त्याने व्हॅन पुलाच्या कठड्यावर घातली. बाकीच्या मुलांचं खरचटण्यावर निभावलं. छकुली पुढच्या सीटवर होती, काकांच्या शेजारी. तिच्या डाव्या पायाचं हाड असं मोडलं की सांधून सांधून पाय आखूडच राहिला. तेव्हापासून त्या पायात ती जाड तळव्याचा बूट घालते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. थोरला कपाळाला पट्टी बांधून व्यासपीठावर उभा राहिला, ब्रेक निकामी झाला म्हणाला, आणि देवाच्या कृपेवर बोलला. लोक रडले. चार दिवसांनी पोलिसांकडे रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. मग खटला, तुरुंग, सुटका आणि डेपो.

धाकट्याला त्या पायापेक्षा तो उपदेश जास्त बोचत आला होता. पायाला निदान अपघात म्हणता आलं असतं.

"पाळकसाहेबांना विचारलंस?" त्याच्या बायकोने विचारलं.

"विचारलं. नियमाची आडकाठी नाही म्हणाले. कमिटीने मान्य केलं तर मंडळीतला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो." छकुलीने शेवटचा कप आजीच्या हातात दिला आणि खुर्ची ओढून बसली. "आणि कमिटी म्हणते, ज्याची पोर जायबंदी झाली त्याला विचारा. तो हो म्हणाला तर आम्ही आडवं येणारे कोण."

"म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात."

"तुमच्याच, बाबा."

ती एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत असे. भिंग उजेडाकडे धरून त्यात चरा कुठे आहे तो सापडेपर्यंत बघत राहायची तिला सवय होती, आणि माणसांकडेही ती तशीच बघायची.

"तू त्याला माफ केलंस?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

आजीच्या कॉटवर पाय दुमडून बसलेली ताई हे ऐकून वर बघायला लागली. ताई धाकट्याहून मोठी, थोरल्याहून लहान. वॉर्डातली पाळी संपवून ती सरळ इकडे आली होती आणि अंगावर अजून नर्सचाच पोशाख होता.

"रोज सकाळी बूट घालताना ठरवते, की आज करून टाकायचं माफ," छकुली म्हणाली. "दुकानापर्यंत चालत जाईतो पाय ठणकायला लागतो आणि राहून जातं."

"मग हे कशाला?"

"ते वेगळं आणि हे वेगळं. बाबा, मला देवाबद्दल जे काही कळलंय ना, ते काकांच्या तोंडून कळलंय. लहानपणी मी पहिल्या बाकावर बसायचे. कधीकधी त्यांच्या तोंडाला वास यायचा. वासही यायचा आणि बोलायचे तेही खरं असायचं. दोन्ही एकदम. आता तुम्ही सगळे म्हणता, माणूस खोटा निघाला. मग मी ऐकलं तेही खोटं होतं का? तसं असेल तर मी बाप्तिस्मा घेतेय तरी कशाचा? आणि ते खरं असेल, तर ज्यांच्याकडून मिळालं त्यांच्याच हातून घेते."

धाकट्याने कप खाली ठेवला. ही पोर चालायला लागली तेव्हापासून तो संध्याकाळी तिच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत आला होता. पिठात कधी भेसळ केली नाही, वजनात कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. आणि माझ्याकडून तुला काय मिळालं, असं त्याला विचारायचं होतं. पण तो प्रश्न त्याला स्वतःलाच लहान वाटला.

"मला नाही पटत," ताई म्हणाली.

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. थोरला तुरुंगातून सुटला तेव्हा त्याला खोली शोधून दिली ती ताईने. दारू सुटताना तो अंथरुणात थडथड उडायचा तेव्हा त्याचे खांदे दाबून धरले तेही तिनेच. ती त्याच्या बाजूने बोलणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

"त्याला पुन्हा तिथे चढवू नका. त्याच जागेने त्याला प्यायला लावलं होतं. समोर लोक माना डोलवायला लागले की दादाचं स्वतःचं असं काही उरायचं नाही. आता कुठे तो बादली आणि झाडू घेऊन जरा माणसात आलाय. उद्या तो हौदातून बाहेर आला आणि चार माणसं पुन्हा रडली, तर संध्याकाळी तो कुठे सापडेल हे मला माहीत आहे. तुम्ही कोणी नाही जाणार त्याला आणायला. मी जाणार."

"मला वाटतं, करू द्यावं," धाकट्याची बायको म्हणाली.

याचं धाकट्याला ताईपेक्षाही नवल वाटलं. ही बाई थोरला रस्त्याने दिसला तर पदपथ बदलायची.

"बघू नका असं माझ्याकडे. ती शुद्धीवर नव्हती तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, एवढी पोर जगव, पुढे तुझ्याकडे काही मागणार नाही. मी माझा शब्द पाळलाय. आता ती मागतेय तर मी तिच्या वाटेत उभी राहणार नाही."

कॉटवर आजी चहा पीत होती. तिला एका कानाने ऐकू येत नसे, आणि कुठल्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवी.

"तुमच्या बापाचा हात किती जड होता ते तुम्हा तिघांना माहीत आहे," ती म्हणाली.

माहीत होतं. पण त्यावर या घरात कधी बोलणं झालं नव्हतं. मंडळीत अजून वडलांचं नाव आदराने निघे आणि धाकटा ते मान खाली घालून ऐकून घेई.

"कारखाने बंद पडले होते त्या वर्षी त्याच हाताने त्यांनी अख्ख्या वस्तीला पाव वाटला. पहाटे माझ्यावर हात टाकला आणि उजाडल्यावर पाव वाटायला बसले. लोक अजून दुवा देतात. मी काही दुवा दिली नाही. पण सुजलेल्या डोळ्याने शेजारी बसून पाव मीही वाटला. लोकांची पोरं तेवढ्यावर जगली." तिने चहाचा घोट घेतला. "मी यावर पुष्कळ विचार केलाय. दुसरं काम काय होतं मला. देवाला धड माणूस मिळाला असता तर त्याने तोच घेतला असता. मिळाला नसणार. मग हाताशी होते तेच जुंपले."

"म्हणजे दादाने केलं ते चालून गेलं?" धाकट्याने विचारलं.

"चालून गेलं कुठे म्हणतेय मी? चालून जायचं असतं तर मला इतकी वर्षं विचार कशाला करावा लागला असता." तिने कप सुनेकडे दिला. "गार झाला हा."

बराच वेळ बोलणं त्याच त्या जागेवर फिरत राहिलं. ताई आणि धाकटा, जे या विषयावर गेली कित्येक वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते, ते आता एका बाजूला होते. बायको आणि मुलगी दुसऱ्या. शेवटी धाकटा उठला.

"मी दादाला भेटून येतो. तो तरी तयार आहे का बघू."

छकुलीने हो म्हटलं. बाबा अर्धे तयार झाले, असं तिला वाटलं. त्याच्या स्वतःच्या मनात काय होतं ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं.

डेपोच्या मागच्या अंगाला गाड्या धुवायची जागा होती. सिमेंटचा उतार, मध्ये गटार, आणि त्यातून सतत वाहणारं राखाडी फेसाचं पाणी. थोरला गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून एका बसच्या मागच्या काचेवर लांब दांड्याचा ब्रश चालवत होता. केस पार विरळ झाले होते. धाकट्याला बघून त्याने नळ बंद केला आणि ब्रश गाडीला टेकवून ठेवला. ब्रश हातातून गेल्याबरोबर त्याचे हात थरथरायला लागले. ते त्याने काखेत दाबून धरले.

"आई बरी आहे?"

"बरी आहे."

"तू?"

"आहे." धाकटा गटाराच्या अलीकडेच उभा राहिला होता. "छकुली बाप्तिस्मा घेतेय."

"ताई म्हणाली." थोरला एक पाऊल पुढे आला. "मी द्यावा असं ती म्हणतेय, असंही ताई म्हणाली. मी म्हटलं, ताई, तुझा ऐकण्यात काही घोळ झाला असेल."

धाकटा मनाशी वेगळंच ठरवून आला होता. सरळ म्हणायचं होतं, तू नाही म्हण, माझ्यासाठी म्हण, तेवढं देणं तू माझं लागतोस. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर, ताईचा घोळ झाला असेल असं म्हणताना, जे काही होतं ते त्याला बघवलं नाही. ती आशा होती. त्या आशेचा त्याला इतका राग आला की खोटं बोलणं सोपं झालं.

"तेच सांगायला आलो. आधी म्हणाली होती. आता तिने विचार बदललाय. लोकांसमोर तिलाच नको वाटलं. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायला नको, म्हणून म्हटलं, आपणच सांगावं."

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

त्याने ब्रश उचलला, नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "रविवारी मी आलो तर चालेल का? मागे बसेन."

"तुझी मर्जी," धाकटा म्हणाला. तो येणार नाही याची त्याला खात्री होती.

घरी येऊन त्याने छकुलीला सांगितलं, की दादा नाही म्हणाला.

"का?"

"जमणार नाही म्हणाला. आता ताणू नकोस, पोरी. पाळकसाहेब आहेत ना."

तिने त्याच्याकडे तिच्या त्या पद्धतीने जरा वेळ बघितलं आणि ठीक आहे म्हणाली. आजी दुसऱ्या कुशीवर वळली. ताईला कळवलं तेव्हा तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि इतकंच म्हणाली की दादा शहाणा झाला.

शनिवारी दुपारी भट्टीपाशी नवरा-बायको दोघंच होते. लाकडी फळीवर धाकटा कणकेचे गोळे तोडत होता आणि बायको ते ट्रेमध्ये लावत होती. एक गोळा तिने नुसता हातात धरून ठेवला.

"दादा खरंच नाही म्हणाले?"

"म्हणाला ना."

तिने कणकेचा कण तोडून जिभेवर ठेवला. "मीठ दोनदा पडलंय तुमच्याकडून."

त्यानेही चाखून बघितलं. पडलं होतं. मळलेली आख्खी कणीक फुकट गेली. ती पाटीत भरून बाहेर टाकताना त्याच्या ध्यानात आलं, की डेपोतून आल्यापासून आपण प्रार्थना केलेली नाही. देव काही बोलेल याची त्याला भीती वाटत नव्हती. तो काहीच बोलणार नाही, आणि आपण तसेच कमिटीवर बसू, पहिल्या बाकावर बसू, आणि सगळं सुरळीत चालेल, याची वाटत होती.

मंडळीचं सभागृह साधंच होतं. भिंतींना पांढरा रंग, लाकडी बाक, आणि व्यासपीठाच्या पुढ्यात जमिनीत बांधलेला हौद. एरवी त्यावर फळ्या टाकलेल्या असत. त्या रविवारी त्या काढून भिंतीशी रचल्या होत्या आणि नवीन पाळकाने स्वतः रबरी नळीने हौद भरला होता. पाळक तरुण होता, कामसू होता, बोलण्यात जरा कोरडा. थोरल्यानंतर मंडळीला तसाच हवा होता.

पहिलं गीत संपता संपता मागचं दार उघडलं. थोरला आत आला आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला बसला. केस पाण्याने चापून बसवलेले, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली. बातमी बाकांवरून पुढे सरकली. माना वळल्या, पुन्हा सरळ झाल्या. त्या बाकावरची एक बाई आपलं मूल उचलून पुढच्या बाकावर गेली. धाकट्याने मागे बघितलं नाही, पण कोण आलंय हे त्याला सभागृहातल्या शांततेवरून कळलं.

छकुली पांढरा झगा घालून हौदाशेजारी खुर्चीत बसली होती, पायात बूट तसाच होता. पाळकाने तिला नावाने बोलावलं. ती उठली. पण हौदाकडे न जाता ती बाकांच्या मधल्या वाटेने मागे चालायला लागली. जाड तळव्याचा आवाज एक पाऊल सोडून एक पाऊल येत राहिला. शेवटच्या बाकापाशी तो थांबला.

"काका, तुम्ही नकार का दिलात?" तिने विचारलं. आवाज चढवलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

धाकट्याने तेव्हा मागे वळून बघितलं. थोरला छकुलीकडे बघत होता. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून पुढे, पहिल्या बाकावर आली, आणि धाकट्याला दिसलं की त्याला सगळं समजलं. एका वाक्यात तो हिशेब चुकता करू शकला असता. खोटंही बोलायची गरज नव्हती.

"मला जमलं नसतं गं," थोरला म्हणाला. "म्हणून नाही म्हटलं."

हाच तो आवाज होता. याच सभागृहात, कपाळाला पट्टी बांधून, याच आवाजाने एकदा ब्रेकचं खोटं सांगितलं होतं, स्वतःला वाचवायला. आज तो पुन्हा इथेच खोटं बोलला होता आणि त्यात त्याचा काडीचा फायदा नव्हता. धाकट्याला कृतज्ञ वाटायला हवं होतं. त्याला राग आला. याच्या उपकाराखाली बाकीचा जन्म काढायचा, हे त्याला सहन होईना. देवाने त्याला उठवलं की रागाने, हे पुढे कितीतरी दिवस त्याला सांगता आलं नाही. तो उठला, एवढं मात्र झालं.

"तो नाही म्हणालाच नाही," धाकटा म्हणाला.

पाळकाने हातातलं पुस्तक मिटलं.

"मी त्याला सांगितलं, पोरीने विचार बदलला. आणि पोरीला सांगितलं, तो नाही म्हणाला. दोघांशी खोटं बोललो. मी तुमच्या कमिटीवर आहे, म्हणून सगळ्यांच्या देखत सांगतो."

सांगून झाल्यावर बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना. बायको खाली बघत होती. आजीने ताईला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणाला, आणि ताईने तिच्या कानात सांगितलं.

छकुली तिथूनच बापाकडे बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"मग आता काय करायचं, बाबा?" तिने विचारलं.

"पाणी भरलेलं आहे," पाळक मध्येच म्हणाला. "मी उतरायला तयार आहे. दुसरं कोणी उतरणार असेल तर त्यालाही ना नाही. पण पाणी गार आहे आणि सगळे खोळंबलेत, तेव्हा ठरवा."

थोरला उठून उभा राहिला. आपले दोन्ही हात त्याने काखेतून काढले आणि छकुलीसमोर धरले. ते थरथरत होते, थंडीने थरथरावेत तसे, आणि थांबत नव्हते.

"हे असे आहेत. दारू सुटली पण हे राहिलं. मी तुला धरेन आणि पाण्यात तू माझ्या हातून निसटशील. एकदा झालं तेवढं पुरे."

"पायऱ्यांवर मला एकटीला तसंही उतरता येत नाही," छकुली म्हणाली. "बूट काढला की तोल जातो."

"दुसऱ्या बाजूने मी धरतो," धाकटा म्हणाला. ठरवायच्या आधीच तो हे बोलून गेला होता.

मधल्या वाटेने ती दोघं पुढे आली. थोरला हौदाशी पोचला तेव्हा ताई जागेवरून उठली. ती त्याला थांबवणार असं धाकट्याला वाटलं. तिने नुसता हात पुढे केला.

"दादा, खिशातलं काढून दे माझ्याकडे. भिजेल."

त्याने खोलीची किल्ली आणि रुमाल तिला दिला. पाळकाने त्याला आपला झगा देऊ केला. तो नको म्हणाला, सदऱ्यावरच ठीक आहे.

छकुली खुर्चीत बसली आणि धाकटा तिचा बूट काढायला खाली वाकला. नाडी ओढून बांधलेली होती, ती सोडवायला वेळ लागला. ती मोठी झाल्यापासून त्याने तो पाय उघडा बघितला नव्हता; ती दाखवत नसे. घोट्यापासून वर गेलेला व्रण आता पांढरा पडला होता. शेजारी उभा असलेला थोरलाही तो बघत होता. त्याने नजर काढून घेतली नाही.

"झालं?" छकुलीने विचारलं.

"झालं."

ते तिघं एकेक पायरी उतरले, ती मध्ये. पाणी खरंच गार होतं, छातीपर्यंत आलं तेव्हा धाकट्याचा श्वास अडकला. तळाची फरशी गुळगुळीत होती. दोघांनी तिच्या पाठीमागून हात घातले, आणि पाण्याखाली धाकट्याच्या हाताला थोरल्याचा हात लागला. चालू यंत्रावर हात ठेवावा तसा तो थडथडत होता. धाकट्याने तो मनगटाशी पकडला आणि आवळला. त्याने थरथर थांबली नाही. पण पकड बसली.

थोरल्याला आता बोलायचं होतं. धाकट्याच्या मनात आलं, की तो आता उपदेश करणार. काहीतरी असं बोलणार की लोक रडतील. ताईच्याही मनात तेच असावं, कारण ती रुमाल हातात चुरगाळत उभी होती.

थोरल्याने फक्त तेवढेच शब्द उच्चारले जे प्रत्येक बाप्तिस्म्याला उच्चारतात. आवाज घोगरा होता, मागच्या बाकांना ऐकू गेला नसेल.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने आम्ही तुला बाप्तिस्मा देतो."

तिथे 'मी' म्हणतात. पाळकाने मान वर केली, पण दुरुस्ती केली नाही. धाकट्याने भावाकडे बघितलं. भाऊ त्याच्याकडे बघत नव्हता, पोरीकडे बघत होता.

त्यांनी तिला मागे झुकवलं. तिचा सगळा भार धाकट्याच्या दंडावर आला, पिठाची पोती उचलून तयार झालेल्या दंडावर, आणि त्याला तो जड वाटला नाही. पाणी तिच्या चेहऱ्यावर मिटलं. आणि मग त्यांनी तिला वर काढलं. ती ठसकली, खोकली, केस तोंडावर चिकटलेले, आणि तिने दोन्ही हातांनी जे हाताला लागलं ते धरलं. एका हातात बापाची बाही होती आणि दुसऱ्यात काकांची कॉलर.

"नाकात गेलं," ती म्हणाली.

पुढच्या बाकांवर कोणीतरी हसलं, मग आणखी कोणी. आजीने विचारलं, काय म्हणाली, आणि या वेळी ताईने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

व्यासपीठामागच्या खोलीत जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. कपडे बदलायला दोघे भाऊ तिथे आले. थोरल्याने बदलायला काही आणलं नव्हतं. तो मागे बसायला आला होता. धाकट्याने गाडीतून आपल्या कामाच्या कपड्यांचे दोन जोड आणले. एका पँटच्या शिवणीत पीठ बसलं होतं. थोरल्याने ती घातली आणि कमरेशी मुठीत धरून उभा राहिला. त्याच्यासारखा आणखी अर्धा माणूस तीत मावला असता.

"माझा राग गेलेला नाही," धाकटा म्हणाला.

"जाईल असं मी धरलंही नव्हतं."

"तू तिच्याशी खोटं का बोललास?"

"तू तिचा बाप आहेस," थोरला म्हणाला. "माझं काय, मला सवय आहे."

धाकट्याला हसू आलं, आणि आल्याचं त्याला आवडलं नाही. त्याने सदरा पिळला. पाणी फरशीवर सांडलं.

"तिला त्या वेळी खरं कसं काय सांगत होतास?" त्याने विचारलं. "लहान होती तेव्हा. पिऊन उभा राहायचास आणि तिला खरं सांगायचास. ते कसं?"

थोरल्याने बराच विचार केला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मीही ते ऐकतच असायचो. माझ्यासाठी आहे असं मात्र कधी वाटलं नाही."

बाहेर शेवटचं गीत सुरू झालं होतं. दोघेही ते ऐकत थोडा वेळ उभे राहिले. कोणी त्यात आवाज मिसळला नाही.

"ही पँट आणून देतो," थोरला म्हणाला.

"धुऊन आण."

"दुकानात देऊ?"

धाकट्याने दुसरी बाही पिळायला घेतली. ती त्याने पुरती पिळून काढली.

"दुकानात गर्दी असते," तो म्हणाला. "वर आणून दे. आई असते."

थोरल्याने पँट एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतली आणि मान हलवली.